कंधार : एका तालुक्याच्या गावातला 'समुद्र'

आपल्या या व्याख्यानमालेत बहुतेक वेळा मोठ्या शहरांवर, मोठ्या राजांवर, मोठ्या लढायांवर बोलणं होतं. आज आम्ही मुद्दाम एक लहान गाव निवडलं आहे. नगरपरिषद आहे, तहसील आहे, आठवडी बाजार आहे, एसटी स्टँड आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जे असतं ते सगळं इथे आहे. पण या गावात एक 'समुद्र'ही आहे, आणि तो हजार वर्षांपेक्षा जुना आहे. गावाचं नाव कंधार, जिल्हा नांदेड.

लहान गावाचा इतिहास सांगायची आपली एक ठरलेली पद्धत आहे. किल्ला, देऊळ, दर्गा, तलाव, प्रसिद्ध व्यक्ती, अशी यादी करायची आणि प्रत्येकाला दोन ओळी द्यायच्या. त्या यादीत चुकीचं काही नसतं, पण एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी काय संबंध, हे कळत नाही. किल्ला इथेच का बांधला? दर्गा इथेच का आला? गुरांची एक जात या गावाच्या नावाने का ओळखली जाते?

तुलनेसाठी थोडं लांब जाऊ. नेदरलँड्समधल्या एखाद्या ग्रामीण पालिकेचा इतिहास सांगायला कोणी उभा राहिला, तर तो चर्चपासून किंवा वाड्यापासून सुरुवात करत नाही. तो बांधापासून सुरुवात करतो. तिथे जमीन समुद्रसपाटीच्याही खाली. बांध घालून पाणी बाहेर ठेवलं म्हणून शेत झालं, शेत झालं म्हणून गाव झालं. तिथली पाणीमंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत, आजच्या कित्येक पालिकांपेक्षा जुनी. त्यांचं पाणी कसं बाहेर ठेवलं हे समजलं, की गावाची बाकी गोष्ट आपोआप उलगडते.

आपल्याकडे प्रश्न नेमका उलटा. पाणी चार महिन्यांत येतं आणि निघून जातं. ते अडवायचं कसं? आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की कंधार वाचायचं असेल तर किल्ल्यापासून नाही, तलावापासून वाचा. मग यादीतल्या ओळी एकमेकींशी बोलायला लागतात.

गाव कुठे आहे

नांदेडहून लातूरला निघालात की वाटेत लोहा लागतं. तिथून आत वळलं की कंधार. नांदेडपासून साधारण ५० किलोमीटर. लोहा आज वेगळा तालुका आहे, पण काही वर्षांपूर्वीपर्यंत तो भाग कंधार तालुक्यातच होता. जुन्या कागदांत लोहा, माळेगाव ही गावं 'तालुके कंधार' अशीच सापडतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा बालाघाटच्या डोंगररांगांचा प्रदेश. उंच डोंगर नाहीत. चढउताराचं माळरान, मधेमधे काळी जमीन, खाली काळा खडक. गावाजवळून मन्याड नदी वाहते, कागदोपत्री तिला मनार असंही लिहितात. मन्याड पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे कंधारचं पाणी आणि लातूरकडचं पाणी शेवटी एकाच वाटेने जातं. मन्याड ही पावसाळी स्वभावाची नदी. श्रावणात तिचा पूर बघा आणि चैत्रात तिचं पात्र बघा, एकच नदी आहे यावर विश्वास बसणार नाही. अशा नदीच्या भरवशावर बारमाही गाव वसत नाही. राजधानीच्या तोलाचं नगर तर नाहीच.

पण तसं नगर इथे होतं.

नावाची गोष्ट : लातूर आणि कंधार

कंधार म्हटलं की अनेकांना अफगाणिस्तानातलं कंदाहार आठवतं. हा घोळ आजचा नाही. फारसी तवारिखांमध्ये दोन्ही गावांचं नाव एकाच प्रकारे लिहिलेलं असतं. म्हणून वाचणाऱ्याला संदर्भ बघूनच ठरवावं लागतं, की हे वरचं कंदाहार की दख्खनचं कंधार. नाव सारखं आहे एवढ्यावरून दोन्ही गावांचं नातं जोडण्याची मात्र गरज नाही.

आपल्या कंधारचा धागा राष्ट्रकूटांकडे जातो. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दख्खनवर राज्य करणारं हे घराणं. वेरूळचं कैलास लेणं त्यांच्या काळातलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड.

आता लातूरकरांनी जरा कान द्यावा. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवतात. लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असा त्याचा अर्थ. हे लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं अभ्यासक मानतात. राजधानी मळखेडला आहे, पण बिरुदात मूळ गाव लातूर. आपल्याकडे माणूस पुण्यात फ्लॅट घेतो, तरी 'मूळचे कुठले?' म्हटल्यावर गावाचंच नाव सांगतो ना, तसंच काहीसं.

आणि त्याच घराण्यातला तिसरा कृष्ण, ज्याचा काळ साधारण ९३९ ते ९६७, त्याच्याशी दुसरं बिरुद जोडलं गेलं : 'कंधारपुरवराधीश्वर'. कृष्ण या नावाची कन्नर, कन्हर, कंधर अशी रूपं कोरीव लेखांत भेटतात. त्यामुळे गावाच्या नावाचं आणि राजाच्या नावाचं नातं अभ्यासकांना जवळचं वाटलं तर नवल नाही. हा तिसरा कृष्ण साधासुधा राजा नव्हता. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्याने चोळांचा पराभव केला. त्या लढाईत चोळ युवराज राजादित्य मारला गेला. तक्कोलम आजच्या तमिळनाडूत आहे. तिथवर धडक मारणाऱ्या राजाच्या बिरुदात मन्याडकाठच्या या गावाचं नाव असावं, ही लहान गोष्ट नाही.

म्हणजे लातूर आणि कंधार, आज ज्यांना आपण 'दुष्काळी पट्टा' म्हणतो, ती दोन्ही नावं एकेकाळी राजाने अभिमानाने मिरवण्याची नावं होती.

जगत्तुंग समुद्र

कंधारला राष्ट्रकूटकालीन एक शिलालेख सापडला आहे. भाषा संस्कृत. त्यात इथल्या देवळांचे, दानांचे उल्लेख आहेत आणि 'जगत्तुंगसमुद्र' हे नाव आहे. हाच तो तलाव, जो आजही गावाशेजारी आहे आणि आजही त्याच नावाने ओळखला जातो. हजार वर्षांत राज्यं बदलली, राज्यभाषा बदलल्या, लिपी बदलली. पण लोकांनी तलावाचं नाव बदललं नाही.

जगत्तुंग म्हणजे जगात उंच असलेला. हे राष्ट्रकूटांच्या घराण्यातलं नाव आणि बिरुद आहे. तिसऱ्या गोविंदाला जगत्तुंग म्हणत. तिसऱ्या कृष्णाचे आजोबाही जगत्तुंगच. ते युवराज होते, पण गादीवर बसण्याआधीच गेले. तेव्हा तलावाचं नाव घराण्याच्या जिव्हाळ्याचं आहे, हे नक्की.

पण तलावाला 'समुद्र' का म्हणायचं? ही दख्खनची जुनी रीत. कर्नाटकात होयसळांची राजधानी द्वारसमुद्र, आजचं हळेबीड. तिथेही मोठा तलाव आहे. जवळच्या तेलंगणात काकतीयांनी तेराव्या शतकात रामप्पा, पाखालसारखे प्रचंड तलाव बांधले. समुद्र दूर असलेल्या मुलखात लोकांनी हाताने समुद्र बांधले. कंधारचा तलाव त्याच परंपरेतला, आणि काकतीयांच्या तलावांपेक्षा जुना.

आता असा तलाव काम कसं करतो, ते समजून घेऊ. वरवर बघितलं तर गोष्ट सोपी आहे : उताराला मातीचा बांध घाला, वरून येणारं पाणी अडेल. पण प्रश्न पुढे सुरू होतात. पहिला प्रश्न जास्तीच्या पाण्याचा. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध गेलाच. म्हणून बाजूला दगडी सांडवा लागतो. दुसरा प्रश्न गाळाचा. पावसाचं पाणी नुसतं पाणी नसतं, ते माळावरची माती घेऊन येतं. दरवर्षी थोडा थोडा गाळ साचतो, आणि काढला नाही तर पाच-सहा पिढ्यांत तलावाची परात होते. तिसरा प्रश्न झिरपण्याचा, आणि इथे गंमत आहे. आपला काळा खडक कठीण. त्यात पाणी मुरायला जागा कमी. पण त्याच्यावर मुरमाचा जो थर असतो तो पाणी धरतो. तलाव भरला की हे पाणी मुरमातून हळूहळू खाली सरकतं आणि बांधाच्या खालच्या बाजूच्या विहिरींना, आडांना लागतं. म्हणजे तलावाचा खरा फायदा जेवढा दिसतो तेवढाच नसतो. तलाव दिसतो एका जागी, आणि पाणी मिळतं भोवतालच्या पाच-पन्नास विहिरींत.

म्हणून तलाव बांधणं हे एकदाच करायचं काम नव्हतं. बांध पाहणारा, सांडवा साफ करणारा, गाळ काढणारा, अशी माणसं पिढ्यान्पिढ्या लागायची आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय लागायची. शिलालेखांत दानं कोरून ठेवायची ती यासाठीच, बरं का. पुढच्या राजाने आणि पुढच्या कारभाऱ्याने ते मोडू नये म्हणून दगडावर लिहायचं. आपण शिलालेख म्हणजे राजाची स्तुती समजतो, पण त्यातला मोठा भाग देखभालीच्या खर्चाची तरतूद असतो.

क्षेत्रपाल

कंधारला गेलात की दगडाचे प्रचंड अवयव बघायला मिळतात. पावलाचा भाग, हाताचा भाग. एकेक तुकडा माणसाला सहज झाकेल असा. हे क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे अवशेष आहेत. तुकड्यांच्या मापावरून हिशोब केला तर मूर्ती काही मजल्यांच्या इमारतीएवढी उंच भरते. श्रवणबेळगोळचा बाहुबली आपल्याला माहीत असतो. तोही दहाव्या शतकातलाच. तो उभा राहिला, हा पडला.

क्षेत्रपाल म्हणजे काय? क्षेत्राचा, म्हणजे गावाच्या, शेताच्या शिवाराचा राखणदार. आपल्याकडे वेशीवरचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा जे काम करतो तेच काम. फरक एवढाच की इथे राखणदार राजाच्या ऐपतीने घडवला. एवढी मूर्ती घडवायची म्हणजे पाथरवट, वाहतूक, धान्य, पाणी, सगळं वर्षानुवर्षं पुरवणारं नगर पाठीशी लागतं. ती मूर्ती आज उभी नाही, पण तुकडेसुद्धा सांगतात की नगराची ऐपत काय होती.

भुईकोट आणि त्याचा खंदक

आता किल्ल्याकडे येऊ. महाराष्ट्रात किल्ला म्हटलं की डोंगर डोळ्यांसमोर येतो : रायगड, राजगड, प्रतापगड. मराठवाड्याच्या या भागात तसे डोंगर नाहीत. इथला किल्ला जमिनीवर, म्हणजे भुईकोट. डोंगरी किल्ल्याचं अर्धं संरक्षण निसर्ग करतो. भुईकोटाला ते सगळं माणसाने करावं लागतं. म्हणून दुहेरी तटबंदी, एकामागे एक वळणं घेणारे दरवाजे, बुरूज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खंदक.

खंदक कोरडा असला तर शत्रू त्यात उतरतो, माती टाकून तो भरतो, शिड्या लावतो. खंदकात पाणी असलं तर खेळच बदलतो. पण बारा महिने खंदकात पाणी ठेवायचं कुठून? मन्याड तर उन्हाळ्यात आटते. उत्तर समोरच आहे : जवळच समुद्र आहे! खंदकाला पाणी तलावाच्या बाजूने मिळतं, असं गावातले जाणकार सांगतात. आणि जमिनीचा तो मुरूम आठवा, म्हणजे त्यात तथ्य का असावं हे कळेल. म्हणून आम्ही म्हणतो, कंधारचा किल्ला तलावाच्या पोटी जन्मला.

किल्ल्याची सुरुवात राष्ट्रकूटांकडे नेली जाते, पण आज जे बांधकाम दिसतं त्यात पुढच्या अनेक राजवटींचा हात आहे. बहमनी राज्य १३४७ मध्ये सुरू झालं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते फुटायला लागलं तेव्हा बिदरच्या कासिम बरीदकडे तीन किल्ले होते : औसा, उदगीर आणि कंधार. पैकी औसा आणि उदगीर आज लातूर जिल्ह्यात, कंधार नांदेडात. हे तीन भुईकोट म्हणजे एक त्रिकूट आहे. ज्याच्या हातात हे तिन्ही, त्याच्या हातात बिदरचं पश्चिमेचं दार. म्हणून पुढची दोन-अडीचशे वर्षं ही तीन नावं तहनाम्यांमध्ये जोडीने येत राहतात. निजामशहाने बरीदशहाकडून ती घेतली, आदिलशहाने त्यांवर डोळा ठेवला, मोगलांनी त्यांना वेढे घातले. पुढे ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, ती लढाई उदगीरच्या नावाने ओळखली जाते.

मधल्या काळात एक नाव येतं, मलिक अंबर. निजामशाही बुडता बुडता उभी ठेवणारा हा हबशी वजीर. मोगलांशी झुंजताना विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाकडून त्याला कंधारचा किल्ला मिळाला, आणि तो त्याच्या कामी आला. हाच मलिक अंबर पुढे खडकी वसवतो, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे जमिनीखालून नहर आणतो. त्या नहरेचं कौतुक आपण आजही करतो. पाण्याची किंमत जाणणाऱ्या माणसाला कंधार कामाचं वाटलं, यात आश्चर्य काही नाही.

१६३१ चा वेढा

१६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसीरीखान याने कंधारला वेढा घातला. फारसी तवारिखांनुसार वेढा साडेचार महिन्यांहून अधिक चालला. तटाखाली सुरुंग पेरले गेले, आणि मे महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती आला. या वेढ्याचं चित्र 'पादशाहनामा' या शाहजहानच्या सचित्र ग्रंथात आहे. ती प्रत आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर इथल्या संग्रहात आहे. म्हणजे मन्याडकाठच्या आपल्या गावाचं चित्र विंडसरच्या वाड्यात आहे, आणि गावातल्या शाळकरी पोरांना ते माहीत नसतं.

पण तारखांकडे नीट बघा. मे महिन्यात किल्ला पडला, साडेचार महिने वेढा, म्हणजे सुरुवात जानेवारीच्या आसपास. सबंध कोरडा हंगाम वेढ्यात गेला. आणि वर्षं कोणती? १६३० ते १६३२ हा दख्खनमधल्या भीषण दुष्काळाचा काळ. तुकोबांच्या घरादारावर ज्याने घाला घातला तोच हा दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली होती. अशा वर्षी, अशा महिन्यांत एक भुईकोट साडेचार महिने टिकतो. तोफा, दारूगोळा, शौर्य हे सगळं खरंच. पण आत माणसांना आणि जनावरांना प्यायला पाणी नसतं तर किल्ला साडेचार आठवडेही टिकला नसता. दुष्काळात टिकलेलं ते पाणी सहा-सात शतकांपूर्वी कोणीतरी अडवून ठेवलेलं होतं.

पुढे १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, १६३६ मध्ये उदगीर आणि औसा पडले, आणि निजामशाही संपली.

दर्गा, बाजार आणि लाल गुरं

पाणी जिथे टिकतं तिथे वाटसरू थांबतो. आणि थांबणाऱ्यांत फक्त सैनिक नसतात. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. परंपरा त्यांना चौदाव्या शतकातले, रिफाई पंथातले सूफी मानते. 'सय्याह' म्हणजे प्रवासी, भटकंती करणारा. उरुसाला तेलंगणातूनही माणसं येतात, आणि नवस बोलणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांचे लोक असतात. भाविकांमध्ये गावाचं नाव 'कंधार शरीफ' असंच घेतलं जातं. ज्या गावाला राष्ट्रकूटांनी बिरुदात मिरवलं, त्याला सूफींच्या भक्तांनी 'शरीफ' म्हटलं. गाव एकच.

आणि आता एक चालतंबोलतं स्मारक : लाल कंधारी. गडद लाल रंगाची, मध्यम बांध्याची ही देशी गोवंशाची जात. अधिकृत नोंद असलेली. तिचा मूळ टापू कंधार, मुखेड, लोहा आणि लगतचा लातूरचा अहमदपूर भाग. बैल कामाला चिवट. कमी चाऱ्यावर, उन्हातान्हात टिकणारे. एखादी जात अशी तयार होते ती एका पिढीत नाही. माळरानावर चराई, उन्हाळ्यात प्यायला तलावाचं पाणी, आणि निवडून निवडून वळू राखणारे शेतकरी, एवढं सगळं शेकडो वर्षं लागतं. आपण गढी-बुरुजांना वारसा म्हणतो, पण हा वारसा दावणीला बांधलेला आहे आणि तो रोज चारा मागतो.

मघाशी म्हटलं होतं ना, माळेगाव लक्षात ठेवा? खंडोबाची माळेगावची यात्रा, मार्गशीर्ष वद्यातली, महाराष्ट्रातल्या मोठ्या यात्रांपैकी एक. गुराढोरांचा, घोड्यांचा, उंटांचा बाजार, तमाशाचे फड, भटक्या जमातींच्या पंचायती. तिथे लाल कंधारी बघायला मिळते. माळेगाव आज लोहा तालुक्यात आहे, पण इतिहासाने ते कंधारच्याच मुलखातलं.

कालचं आणि आजचं कंधार

अठराव्या शतकापासून हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. स्वातंत्र्यानंतरच्या कंधारचं नाव घेतलं की केशवराव धोंडगे आठवतातच. १९२२ चा जन्म, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, १९७७ मध्ये नांदेडचे खासदार. विधानसभा गाजवणारा माणूस. २०२३ च्या १ जानेवारीला, वयाची शंभरी ओलांडून ते गेले. आम्हाला त्यांच्या दोन गोष्टी या विषयात महत्त्वाच्या वाटतात. एक, 'श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी'. नावातच 'मोफत' आहे. खेड्यातल्या पोराला शिकायला पैसे लागू नयेत, हा त्याचा अर्थ. दोन, गुराखी साहित्य संमेलन. गुरं राखणाऱ्यांचं साहित्य संमेलन भरवावं, हे सुचायला लाल कंधारीच्या मुलखातलाच माणूस लागतो.

पाण्याचं कामही थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच मन्याडवर बारूळला निम्न मनार, आणि लिंबोटीला ऊर्ध्व मनार प्रकल्प झाले. नदी तीच, अडवण्याची कल्पना तीच, फक्त आकार मोठा.

आता जरा अवघड बोलू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. देशभर बातमी झाली. ज्या लट्टलूरच्या नावाने राष्ट्रकूट स्वतःला ओळखत, त्या शहराला वाघिणीतून पाणी. तेव्हापासून बाहेरच्या माणसाच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं : मराठवाडा म्हणजे कोरडा, कायमचाच. आपणही ते मान्य करून टाकतो. कंधारचा तलाव त्या समजुतीला उत्तर आहे. पाऊस तेव्हाही चार महिन्यांचाच होता, आणि लहरीच होता. तरी इथे नगर उभं राहिलं, किल्ला लढला, गुरांची जात तयार झाली.

यावर कोणी म्हणेल, मग जुने तलाव दुरुस्त करा, झालं! एवढं सोपंही नाही. तेव्हाची लोकसंख्या वेगळी, पिकं वेगळी. गावातल्या प्रत्येक शेतात बोअर नव्हतं आणि नगदी पिकासाठी बारमाही पाणी मागणारा ऊस नव्हता. जगत्तुंग समुद्र एकटा आजच्या कंधारची तहान भागवेल असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. तो तलाव हजार वर्षं टिकला, कारण त्याची देखभाल हे कोणाचं तरी ठरलेलं काम होतं. आज किल्ल्याची फाइल एका कार्यालयात, पाण्याची दुसऱ्या, गावातल्या सांडपाण्याची तिसऱ्या, आणि गुरांची चौथ्या कार्यालयात असते. ज्या गोष्टी एकमेकींच्या पोटातून जन्मल्या त्या कागदावर वेगळ्या झाल्या, की गाळ काढणं हे कोणाचंच काम उरत नाही. किल्ल्याच्या तटावर उगवलेलं झाड काढण्यासाठी निधी येऊ शकतो. पण तलावात येणारा ओढा बुजला तर तो वारसा बुजला, असं आपल्या मनातच येत नाही.

बघायला गेलात तर

शेवटी एक व्यवहाराची सूचना. कंधारला गेलात तर आधी किल्ल्यात शिरू नका. आधी तलावाच्या बांधावर उभे राहा. पाणी कुठून येतं आणि बांधाच्या खाली जमीन कशी उतरत जाते, ते बघा. मग खंदकाच्या कडेने चाला. मग दरवाज्यातून आत जा. लाल महाल, अंबारखाना बघा. अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार. वेढ्यात टिकायला पाण्यानंतर दुसरी गोष्ट तीच. क्षेत्रपालाच्या तुकड्यांपाशी थोडं थांबा. दर्ग्यात डोकं टेका. आणि बाजाराचा दिवस असेल तर लाल गुरं बघून या. या क्रमाने फिरलात तर तीन-चार तासांत हजार वर्षं नीट लागतात. जायचं ते दिवाळीनंतर. तेव्हा पाणी असतं आणि ऊन सोसतं.

आणि ज्यांना कंधारला जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी एक गृहपाठ. आपापल्या गावातल्या सगळ्यात जुन्या तलावाचं, बारवेचं किंवा आडाचं नाव विचारा. घरातल्या आजोबा-आजीला विचारा, कोतवालाला विचारा, तलाठ्याकडचा नकाशा बघा. ते नाव कोणी दिलं, पाणी कुठून येतं, गाळ शेवटचा कधी काढला, एवढे तीन प्रश्न. उत्तरं मिळाली तर लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसभेत तोच प्रश्न विचारा.

आज इथेच थांबतो.